इलेक्ट्रॉनिक डेल्को मिसिंग मारतोय? मॉड्यूल बदलायच्या आधी हे करून बघा

आमच्या घरी 1984 सालची मार्क फोर अँबेसेडर आहे. इंजिन जुनंच, 1489 सीसीचं. पॉइंट-कंडेन्सरच्या (ठिणगीसाठी करंट तोडणारे जुने भाग) कटकटीला कंटाळून काही वर्षांपूर्वी मी डिस्ट्रिब्युटरमध्ये इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा किट बसवून घेतला. आपल्या इंदूरचे उस्ताद (मेकॅनिक) ज्याला डेल्को म्हणतात, तोच हा डिस्ट्रिब्युटर, प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा. किट बसल्यावर गाडी घड्याळासारखी चालायची आणि मी झाकण उघडणंच विसरून गेलो. घोळ तिथेच झाला.

गेल्या उन्हाळ्यात ओंकारेश्वरहून परत येताना सिमरोलचा घाट गाडी घोड्यासारखी चढली. वर आल्यावर, तेजाजीनगरच्या अलीकडे सपाट रस्त्यावर, ॲक्सिलेटरवर जेमतेम पाय ठेवून पन्नासच्या वेगात चाललो होतो, तर हिसके सुरू. यालाच मिसिंग म्हणतात. पाय दाबला की बंद, हलका केला की पुन्हा सुरू. मागे बसलेली आई म्हणाली, "घाटात पळाली आणि घर जवळ आल्यावर रुसली!" सगळं उत्तर त्या वाक्यात होतं, पण मला ते कळायला दोन महिने लागले. तोवर कार्बोरेटर दोनदा साफ झाला ("भिया, कचरा आ गया है"), कॉइल (12 व्होल्टचे हजारो व्होल्ट करणारी) बदलली, नवं मॉड्यूलही आलं. हिसके जागच्या जागी.

शेवटी निघालं काय, तर सेन्सरची आतून तुटलेली वायर आणि खाल्लेला बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती बाही). हे दोन महिने तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितोय. आकडे अँबेसेडरचे आहेत. पद्मिनी, कॉन्टेसा किंवा इतर जुन्या गाडीसाठी त्या त्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल बघा. अँबेसेडरमध्येही नंतरच्या 1800 इसुझूवाल्यांनी (ते इंजिन आपल्या पीथमपुरातच बनायचं) इथले आकडे जसेच्या तसे उचलू नयेत.

इलेक्ट्रॉनिक म्हणजे नक्की काय बदललं?

फक्त पॉइंट आणि कंडेन्सर गेले. त्यांच्या जागी चुंबकाची रिंग, सेन्सर आणि सेन्सरच्या इशाऱ्यावर कॉइलचा करंट चालू-बंद करणारं मॉड्यूल आलं. खालचा शाफ्ट, त्याचा बुश, फिरताना बाहेर फेकली जाणारी दोन वजनं, त्यांच्या स्प्रिंगा, व्हॅक्यूमच्या ओढीने सरकणारी प्लेट, वरचं झाकण, रोटर, सगळं 1984 चंच आहे.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा उमगली. पॉइंट होते तेव्हा दर काही हजार किलोमीटरला गॅप बघायला झाकण उघडायचं आणि उघडलंच आहे तर तेलाचे दोन थेंब आत जायचे. पॉइंट गेले, त्यांच्याबरोबर तेलही गेलं. इंजिन 3000 आरपीएमवर असताना हा शाफ्ट मिनिटाला 1500 वेळा फिरतो आणि सेकंदाला 100 ठिणग्या वाटतो. वर्षानुवर्षं कोरडा फिरला तर बुश खाणारच.

काय काय जवळ हवं

- मल्टीमीटर (साधा डिजिटल चालतो) आणि 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प
- टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा). विकत घेतली नाही तरी चालेल, कुणाकडून तरी एका दिवसासाठी आणा
- फिलर गेज, त्यात पितळी पात्यांचा एक संच. चुंबकाजवळ लोखंडी पातं चिकटतं आणि गॅप खोटी दाखवतं
- प्लग पाना, साधे पाने, इन्सुलेशन असलेली पक्कड, एक जास्तीचा चांगला प्लग
- डेल्कोच्या व्हॅक्यूमच्या डबीवर घट्ट बसेल अशी, हातभर लांब स्वच्छ रबरी नळी
- घरातला हेअर ड्रायर (घरच्यांना आधी विचारा)
- व्हाइटनरची बाटली, खुणांसाठी
- गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल, वायरिंगचा नकाशा आणि किटबरोबर आलेला कागद. तो कागद बहुतेकांनी टाकून दिलेला असतो. निदान किटच्या डब्याचा फोटो शोधा

मल्टीमीटर, फिलर गेज सियागंजात सहज मिळतात. टायमिंग लाइटसाठी जुन्या उस्तादांची मनधरणी करावी लागते.

आणि जपून: इथे हजारो व्होल्ट असतात. चालू इंजिनात जाड वायरींना उघडा हात लावू नका. पेसमेकर असलेल्या माणसाने बॉनेटपाशी थांबूच नये. शाफ्टला किंवा प्लेटला हात लावायचं काम असेल तेव्हा बॅटरीची वायर आधी काढा.

1. करंट जातोय की पेट्रोल, ते आधी ठरवा

मे महिन्यात इंदुरात गाडी रस्त्यात बंद पडली की निम्म्या वेळा पेट्रोलची वाफ झालेली असते. इंजिनाजवळच्या फ्यूएल पंपावर ओला फडका टाकून दहा मिनिटं थांबलं की गाडी चालू होते आणि सगळे म्हणतात, "बघ, पेट्रोलचंच होतं." पण गरम झालेला सेन्सरही दहा-वीस मिनिटांत थंड होऊन पुन्हा चालायला लागतो. फडक्याने काहीच सिद्ध होत नाही.

बंद पडल्या पडल्या करंट बघा. जास्तीचा प्लग एका वायरीला लावा, प्लगचा लोखंडी भाग इंजिनाला पक्का टेकवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी, कडक आवाज करणारी ठिणगी आली तर पेट्रोलकडे वळा. पिवळट, मरतुकडी आली किंवा आलीच नाही, तर पुढे वाचा.

सापळा: चालू इंजिनात एकेक प्लगची वायर ओढून "कोणता सिलिंडर मेला" हे बघायची उस्तादांची जुनी सवय आहे. पॉइंटच्या गाडीत ते खपून जायचं. इलेक्ट्रॉनिकमध्ये मोकळ्या सुटलेल्या वायरीतला करंट मॉड्यूलमध्ये घुसतो.

2. हिसके नक्की केव्हा बसतात?

हा टप्पा फुकटाचा आहे आणि सगळ्यात जास्त तोच सांगून जातो. कार्बोरेटरकडून एक बारीक नळी डेल्कोच्या डबीला येते. सपाट रस्त्यावर, हलक्या पायाने चालवताना तिथे व्हॅक्यूम जोरात असतो. डबीतला पडदा ओढला जातो, आतली प्लेट सरकते आणि ठिणगी थोडी लवकर पडते (यालाच ॲडव्हान्स म्हणतात). चढावर पाय पूर्ण दाबला की व्हॅक्यूम पडतो आणि प्लेट मूळ जागी येते.

आता आईचं वाक्य आठवा. पेट्रोल कमी पडत असतं तर गाडी घाटात मेली असती, कारण तिथे पेट्रोल सगळ्यात जास्त लागतं. घाटात पळाली आणि सपाटीवर रुसली, म्हणजे प्लेट सरकलेली असताना काहीतरी सुटत होतं.

तपासायचं असं: डबीवरची नळी काढा, कार्बोरेटरच्या बाजूचं टोक एखाद्या स्क्रूने बंद करा आणि त्याच रस्त्यावर पाच-सात किलोमीटर जाऊन या. हिसके गेले तर दोष प्लेटशी निगडित आहे: वायर, अर्थिंग किंवा प्लेट स्वतः. हिसके तसेच राहिले तर झाकण, रोटर, बुश, मॉड्यूल या बाजूला बघा. नळी काढून कायमचं फिरू नका, ॲव्हरेज पडतो.

3. झाकण उघडा, पण आधी रात्री एकदा बघा

अंगणातले दिवे बंद करा, बॉनेट उघडा, गाडी चालू ठेवून लांबून बघा. झाकणावर किंवा वायरींवर निळे किडे सरपटताना दिसले तर करंट गळतोय. पावसाळ्यात हे नाटक हमखास दिसतं.

मग दिवसा झाकण काढा. काढण्याआधी चारही वायरींना नंबर टाका आणि फोटो काढा. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2, रोटर वरून बघता घड्याळाच्या उलट फिरतो.

झाकणाच्या आत पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ आहे का? फडक्याने पुसून गेली तर धूळ. गेली नाही तर करंटने वाट पाडली आहे, झाकण बदला. मधला कार्बन बोटाने दाबा, तो स्प्रिंगने परत बाहेर आला पाहिजे. टोकं हिरवी-पांढरी झाली असतील तर अलगद साफ करा, पण कानस मारू नका, अंतर वाढतं.

रोटर उलटा करून पोटात बघा. तपकिरी ठिपका दिसला तर करंट प्लगकडे न जाता रोटर फोडून शाफ्टमध्ये उतरतोय.

4. बोटाने प्ले (शाफ्टचा सैलपणा) बघा

रोटर काढा, शाफ्टचं टोक दोन बोटांत धरा आणि आडवं हलवा. चांगल्या डेल्कोत काहीच जाणवत नाही. माझ्यात टक्-टक् असा आवाज आला, सैल दातासारखा. मग सेन्सरच्या काळ्या तोंडाकडे टॉर्च मारला, तर तिथे नखाएवढी चकाकती कमान कोरलेली. चुंबकाची रिंग डगमगत जाऊन सेन्सरला घासत होती. झाकणाच्या आतल्या चार टोकांपैकी दोनच टोकांवर रोटर घासल्याचे ताजे ओरखडे होते. शाफ्ट कोणत्या बाजूला कलतो ते तिथेच लिहिलेलं होतं.

आता रोटर परत बसवून त्याच्या फिरण्याच्या दिशेने थोडा पिळा आणि सोडा. तो झटकन मागे यायला हवा. आळसावून आला किंवा मध्येच अडकला तर खालची वजनं सुकली आहेत किंवा स्प्रिंग गेली आहे.

सापळा: त्या दोन स्प्रिंगा मुद्दामच वेगवेगळ्या असतात. एक नाजूक, एक जाड आणि जरा सैल लागलेली. "ही ढिली झालीय" म्हणून दोन्ही सारख्या बसवणारे भेटतात. एका गाडीत तर मी बॉलपेनची स्प्रिंग पाहिली आहे. दोन्ही सारख्या केल्या की ॲडव्हान्सचं गणितच बिघडतं.

5. वायर, जी दिसायला चांगली असते

गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवा. डबीला रबरी नळी लावून तोंडाने ओढा. होय, तोंडाने, नळी स्वच्छ हवी एवढंच. दोन गोष्टी कळतात.

पहिली, ओढून जिभेने नळी बंद केल्यावर ओढ टिकली पाहिजे. हवा येत राहिली तर डबीतला पडदा फाटला आहे.

दुसरी, प्लेट सरकताना इंजिनाचा वेग किंचित वाढला पाहिजे. माझी गाडी ओढल्याबरोबर धपकन बंद पडली. सोडलं, चालू केली, पुन्हा ओढलं, पुन्हा बंद! एवढा आनंद मला गाडी बंद पडण्याचा कधीच झाला नव्हता.

सेन्सर त्या सरकत्या प्लेटवर बसतो आणि त्याची वायर रबराच्या बुचातून बाहेर येते. प्लेट प्रत्येक वेळी हलते तेव्हा वायर तिथे वाकते. वरचं प्लास्टिक धड राहतं, आतले तांब्याचे धागे एकेक करून तुटतात. किट बसवणाऱ्याने माझी वायर छान, नीटनेटकी, ताणून बांधली होती. दिसायला सुंदर, पण प्लेटला हलायला तिने ढीलच ठेवली नव्हती. बुचापाशी वायर चिमटीत धरून हलकेच ताणली तर एका जागी ती च्युइंग गमसारखी लांबली. आत तांबं उरलंच नव्हतं.

तेवढा तुकडा कापून मऊ, बारीक धाग्यांची वायर सोल्डर केली, वर हीट श्रिंक चढवली आणि आत अर्ध्या इंचाचा सैल वळसा ठेवला. जोड बुचाच्या बाहेर घ्या, वाकणाऱ्या जागी नको. प्लेटपासून बॉडीकडे जाणारी अर्थिंगची छोटी वायरही बघा, तीही अशीच तुटते.

दोन वायरींचा पिकअप कॉइल (सेन्सरचंच काम करणारी तारेची छोटी गुंडाळी) असलेला डेल्को असेल तर त्याचं कनेक्शन काढून मल्टीमीटरवर ओहम बघा आणि बघताना प्लेट हलवत राहा. आकडा उड्या मारायला लागला तर चोर सापडला.

6. गरम झाल्यावरच मरते?

मग हेअर ड्रायर. गाडी चालू ठेवून मॉड्यूलवर थोड्या अंतरावरून गरम हवा सोडा. दोन-चार मिनिटांत मेली आणि थंड झाल्यावर जिवंत झाली, तर मॉड्यूल गेलं. पण नवं बसवण्याआधी ते का गेलं हे बघा.

नेहमीचं कारण कॉइल. बॅटरी काढून कॉइलच्या दोन छोट्या टोकांमध्ये ओहम मोजा. मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा आधी वजा करा. साध्या 12 व्होल्टच्या कॉइलला साधारण 3 ओहम येतात, बॅलास्टवाल्या (करंट कमी करणारा वेगळा रेझिस्टर जोडून लावायच्या) कॉइलला साधारण 1.5. बॅलास्टवाली कॉइल बॅलास्टशिवाय लावली तर 4 ऐवजी 8 ॲम्पियर मॉड्यूलमधून जातात. ते भाजणारच. काउंटरवर दोन्ही कॉइल सारख्याच दिसतात, म्हणून मीटर घेऊनच जा. किटला किती ओहमची कॉइल चालते, हे त्याच्या कागदावर असतं.

इग्निशन ऑन करून कॉइलच्या पॉझिटिव्हला व्होल्टेजही मोजा. साध्या कॉइलला बॅटरीच्या आकड्यापेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी आला तर जुना इग्निशन स्विच किंवा एखादं गंजलेलं कनेक्शन करंट खातंय. मोजून झालं की लगेच ऑफ करा. इंजिन बंद आणि चावी ऑन ठेवून रेडिओ ऐकणं हा मॉड्यूल मारायचा खात्रीचा उपाय आहे.

फार जुन्या गाड्यांत बॅटरीची पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेली असते. तशी गाडी असेल तर किट त्यासाठीचाच हवा. उलटं जोडलं तर चावी फिरवायचाच अवकाश.

7. डेल्को बाहेर काढणे

प्ले असेल तर काढावाच लागतो. घाई इथेच महाग पडते.

पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा, इंजिन हाताने फिरवा. हवा अंगठा ढकलायला लागली की पुलीची खूण जुळवा. आता रोटर ज्या दिशेला बघतो तिथे डेल्कोच्या बॉडीवर व्हाइटनरचा ठिपका द्या. बॉडी आणि ब्लॉक यांवर मिळून एक रेघ मारा. फोटो काढा. नंतर क्लॅम्प सैल करून डेल्को वर ओढा. यानंतर तो परत बसेपर्यंत इंजिन फिरवायचं नाही. शेजाऱ्यांच्या मुलालाही सेल्फ मारू देऊ नका.

अँबेसेडरमध्ये खालचा दात मध्यापासून थोडा बाजूला असतो, त्यामुळे डेल्को उलटा बसत नाही. पण लेथवाल्याने पिन काढून तो दातच उलटा लावला तर टायमिंग 180 अंशांनी फिरतं. पिन काढायच्या आधी दातावर आणि शाफ्टवर खूण करून घ्या, आणि ती खूण त्याला दाखवा.

8. लेथवर

सांवेर रोडकडे छोटी लेथची दुकानं आहेत. चार अंगुळांचं काम म्हणून बरेच जण नाही म्हणतात, जुना कारागीर गाठा. बुश तेल पिणाऱ्या ब्राँझचाच मागा, साधा पितळी नको. बसवण्याआधी तो रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. शाफ्ट मायक्रोमीटरने मोजायला लावा. तोच खाल्लेला असेल तर नुसत्या बुशाने महिनाभरात पुन्हा टक्-टक् सुरू होते. मला एकंदर खर्च त्या विनाकारण घेतलेल्या मॉड्यूलच्या निम्म्याहून कमी आला.

9. परत बसवणे आणि टायमिंग

खुणा जुळवून बसवा. सेन्सर आणि रिंगमधली गॅप किटच्या कागदाप्रमाणे, पितळी पात्याने, रिंग पूर्ण फिरवून चारही ठिकाणी बघा.

इंजिन गरम करा, व्हॅक्यूमची नळी काढून बंद करा, स्लो (आयडलिंगचा वेग) नेहमीएवढा ठेवा आणि टायमिंग लाइट पुलीवर मारा. ॲडव्हान्सचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. रोटर फिरतो त्याच्या उलट दिशेने बॉडी वळवली की ॲडव्हान्स वाढतो, म्हणजे अँबेसेडरमध्ये घड्याळाच्या दिशेने. केसभरच वळवा; डेल्कोचा 1 अंश म्हणजे पुलीवर 2.

खूण एका जागी स्थिर दिसते का, हेही बघा. बुश बदलण्याआधी माझी खूण माशीसारखी नाचत होती, आता खिळल्यासारखी उभी राहते. ॲक्सिलेटर वाढवल्यावर ती सावकाश सरकत गेली पाहिजे, मध्येच उडी मारून नाही.

नळी परत लावा. सपाट रस्ता, हलका पाय, पन्नासचा वेग: ज्या परिस्थितीत हिसके बसायचे, तिथेच न्या. मग टॉप गिअरमध्ये चाळीसवर असताना पाय दाबा. इंजिनातून खडखड आली तर ॲडव्हान्स थोडा कमी करा. पीयूसी संपत आलं असेल तर आत्ताच करून घ्या. मिसिंग असताना न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर पडतं, आणि आमच्या वयाच्या गाड्यांना हायड्रोकार्बनची मर्यादा 1500 पीपीएम आहे.

10. तेल, आणि डिकीतला डबा

दर पाच हजार किलोमीटरला झाकण उघडा. रोटर काढून शाफ्टच्या टोकावरच्या स्क्रूवर इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब, प्लेटच्या फटीतून वजनांसाठी दोन थेंब. जास्त नको, तेल रोटरवर उडतं.

माझ्या डिकीत आता एक पत्र्याचा डबा असतो. त्यात जुनी पॉइंटची प्लेट, एक कंडेन्सर, एक रोटर, पॉइंट घासायला पॉलिश पेपरचा तुकडा आणि पॉइंटच्या गॅपचा आकडा लिहिलेली चिठ्ठी: 0.35 ते 0.40 मिमी. सेन्सर पुन्हा रस्त्यात गेला तर वीस मिनिटांत गाडी पॉइंटवर येते. एकदा घरासमोर सराव केला तेव्हा मात्र पाऊण तास लागला, कारण प्लेटचा एक बारीक स्क्रू डेल्कोच्या आत पडला. म्हणून त्या डब्यात आता एक चुंबकाची कांडीही आहे.